सहाध्यायांची चौथाई

(बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे पालक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर खानदेशात केलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



आपल्याकडे एक जुने सुभाषित आहे. विद्येचे चार वाटे सांगून त्यातला एक गुरूकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि उरलेला काळाच्या ओघात मिळतो, असा त्याचा आशय आहे. आपल्या जळगाव-धुळ्यातील पालक आज पहिल्या वाट्यासाठी क्लासची फी भरतात, दुसऱ्या वाट्यासाठी मुलाला स्वतंत्र खोली देतात, आणि चौथा वाटा काळाच्याच हाती असल्याने त्याविषयी कोणाची तक्रार नसते. तिसऱ्या वाट्याचे काय झाले, एवढाच आजचा माझा विषय आहे. आणि तोही मी एकाच विषयापुरता मांडणार आहे. तो विषय म्हणजे अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र, ज्याला मुले 'फिजिक्स' म्हणतात आणि ज्याचे नाव काढताच घरातले वातावरण गंभीर होते.

हाच विषय निवडण्याचे कारण आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे बोर्डाच्या नाशिक विभागात येतात. बोर्डाच्या परीक्षेत भौतिकशास्त्राला लेखी ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण. त्याशिवाय अभियांत्रिकीला जायचे तर सीईटीत भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, आणि वैद्यकीयला जायचे तर नीटमध्ये ४५ प्रश्न व १८० गुण. जीवशास्त्र पाठांतराने काही अंशी पेलते, रसायनशास्त्रही थोडेफार पेलते. भौतिकशास्त्र पाठ करून येत नाही. सूत्र पाठ असलेल्या मुलाला प्रश्न थोडा फिरवून विचारला की तो थांबतो. खानदेशातल्या कितीतरी हुशार मुला-मुलींची गाडी अडते ती येथेच.

त्यातही आपल्या मुलांची अडचण दुहेरी आहे. पारोळा, एरंडोल, साक्री, शिंदखेडा, चोपडा येथून येणारा मुलगा दहावीपर्यंत मराठीतून शिकतो. त्याने त्वरण, संवेग, अपवर्तन हे शब्द शिकलेले असतात आणि ते त्याला कळलेलेही असतात. जून-जुलै उजाडतो आणि अकरावीच्या वर्गात तेच शब्द ॲक्सेलरेशन, मोमेंटम, रिफ्रॅक्शन होऊन येतात. जुने मित्र वेगळ्या पोशाखात आले आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. आपल्याला यातले काहीच येत नाही, असे त्याला वाटू लागते आणि तो गप्प होतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते हे खरे, परंतु दोन वर्षे वर्ग, पुस्तक, सराव सारे इंग्रजीतून केल्यावर ऐन परीक्षेत मराठी प्रश्नपत्रिका हाती घेऊन काय साधणार? शिवाय पुस्तकातली मराठी हीसुद्धा अनेकांची घरची भाषा नव्हे. कोणाच्या घरी अहिराणी बोलतात, कोणाच्या घरी लेवा बोली, तर सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या वनवासी विद्यार्थ्याच्या घरी पावरी किंवा भिली. म्हणजे इंग्रजीतील भौतिकशास्त्र त्याच्यापर्यंत दोन नद्या ओलांडून येते.

भाषेच्या या अडसराचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली मुंबईत सुरू झाले. त्या केंद्राने आपल्या अगदी आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये केला. केंद्राच्या संशोधकांनी पुढे जे मांडले त्याचा गाभा असा की, विज्ञानात मागे पडणाऱ्या मुलाची बुद्धी कमी नसते, पुस्तकाची भाषा त्याच्या आड येते. तीच संकल्पना सोप्या भाषेत सांगितली की मूल पुढे सरकते. ज्या केंद्राने पुढे २०१५ साली आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईत भरवले, त्याने आपली पहिली पावले खिरोद्याच्या वाटेवर टाकली होती. खिरोदा म्हणजे धनाजी नाना चौधरींचे गाव. त्यांचे पुत्र मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री झाले. राजकीय विचार आपले आणि त्यांचे वेगळे असतील, पण या मातीत शिक्षणाचे काम कोणी केले याची नोंद करताना पक्ष पाहू नये.

आता ही सोपी भाषा मुलाला कोण देणार? पुस्तक देणार नाही. क्लासमधील सर शंभर मुलांपुढे अहिराणीत बोलणार नाहीत. मोबाइलवरचा व्हिडिओ दिल्लीच्या किंवा कोट्याच्या हिंदीत बोलतो, आणि त्याला मध्येच थांबवून 'माले समजनं नही' असे म्हणता येत नाही. हे वाक्य मूल फक्त आपल्या बरोबरीच्या मुलापाशी बोलते. आणि ज्याला हे वाक्य बोलण्याची जागा मिळाली, त्याचे भौतिकशास्त्र सुधारते, असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण घेऊन सांगतो, नाहीतर हे सारे हवेत राहील. बारावीच्या पुस्तकातला पहिलाच पाठ परिवलन गतीचा आहे आणि त्यात 'मौत का कुआँ' आहे. आपल्या यात्रांमध्ये आपण तो पाहिलेला आहे. लाकडी फळ्यांची उभी गोल भिंत, आणि त्या भिंतीवर आडवा होऊन मोटारसायकल फिरवणारा माणूस. विचारायचे एवढेच की तो पडत का नाही? शहरातला गुणवान विद्यार्थी ताबडतोब सूत्र लिहितो. कमीत कमी वेगाचा वर्ग म्हणजे त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण भागिले घर्षण गुणांक. त्रिज्या ५ मीटर, घर्षण गुणांक ०.५ आणि गुरुत्वत्वरण १० धरले तर वेग येतो सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. उत्तर बरोबर, गुण मिळाले. मग शेजारी बसलेला मुलगा विचारतो, "पण ३६ने तर आमच्या गावच्या रस्त्यावर बाबांची गाडी चालते. भिंतीला ती चिकटते कशाने?" आणि गुणवान विद्यार्थी अडखळतो. तो म्हणतो, बाहेर ढकलणारे बल असते. दुसरा म्हणतो, बाहेर ढकलले तर बाहेर जाईल, वर कसे धरून ठेवील? आता दोघांनाही कागदावर बाण काढावे लागतात. वजन खाली. भिंत गाडीला आत, केंद्राकडे रेटते. हे रेटणे गाडीला वर्तुळात वळवते. आणि टायर भिंतीवरून खाली घसरू पाहतो म्हणून घर्षण वरच्या दिशेने लागते. ते वजन पेलते. वेग जितका जास्त तितके भिंतीचे रेटणे जास्त, आणि रेटणे जितके जास्त तितके घर्षण अधिक पेलू शकते. म्हणजे गाडीला चिकटवणारे वेगळे बल नाहीच! तिसरी एक मुलगी तोवर शांत असते. ती विचारते, मागे अजून एक जण बसला तर वेग वाढवावा लागेल का? तिघे समीकरण पुन्हा मांडतात आणि वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडून जाते. वाढवावा लागणार नाही.

या अर्ध्या तासात काय घडले पाहा. ज्याला येत नव्हते त्याला आले, हे तर झालेच. परंतु ज्याला येते असे वाटत होते, त्याला खरे म्हणजे आता आले. 'हुशार मुलाचा वेळ वाया जातो' म्हणणाऱ्या पालकांनी या दुसऱ्या गोष्टीचा विचार करावा. शिकवणारा प्रौढ माणूस हा विषय तीस वर्षांपूर्वी शिकलेला असतो. आपल्याला नेमके कोठे अडले होते ते तो विसरून गेलेला असतो. मागच्या आठवड्यात ज्याला हेच अडले होते, त्याला तो खड्डा आठवतो.

हे ज्ञान आपल्या भूमीला नवे नाही. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवी आहे. सहलीला आपण सारे गेलो असू. तेथील शिलालेख शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०६-०७च्या सुमाराचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आपल्या आजोबांचे 'सिद्धांतशिरोमणी' आदी ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तेथे मठ स्थापन केला, आणि सोईदेव निकुंभाने त्याला दान दिले. शिलालेखाचा काही भाग मराठीत आहे. त्यात बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाच्या उत्पन्नातून मठाला वाटा दिला आहे, आणि चालत्या तेलघाण्यांमागे पळी पळी तेलही लावून दिले आहे. गणिताच्या पाठशाळेसाठी तेली आणि गिऱ्हाईक दोघेही आपापला वाटा देत होते, तेही आपल्या खानदेशात, आठशे वर्षांपूर्वी.

भास्कराचार्यांचे नाव घेऊन सभेत टाळ्या मिळवणे सोपे आहे. त्यांना अमुक शोध आधीच लागला होता, एवढे सांगून आपण घरी जातो आणि आपला मुलगा उताराच्या रस्त्यावरील गाडीचे गणित सोडवू शकत नाही. मला त्यांची वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी आपल्या ग्रंथावर स्वतःच 'वासनाभाष्य' लिहिले. वासना म्हणजे येथे उपपत्ती, हे असेच का याचे कारण. गोलाध्यायाच्या आरंभी ते जे सांगतात त्याचे तात्पर्य असे की, नुसती रीत जाणणारा आणि उपपत्ती न जाणणारा गणक जाणत्यांच्या बैठकीत टिकत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या मनातलाही संशय फिटत नाही. बैठकीत सांगता येणे आणि स्वतःचा संशय फिटणे या दोन गोष्टी आचार्यांनी एकत्र ठेवल्या आहेत. आपल्या मुलांना आपण रीत विकत घेऊन देतो. उपपत्ती सांगण्यासाठी बैठक लागते, आणि ती मात्र आपण मोडली आहे.

ही बैठक साध्या घरांतल्या मुलांमध्येही होती. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ साली कर्नाटकात इक्केरीच्या बाजूला फिरत असताना त्याला एका देवळाच्या ओवरीत चार मुले अंकगणित शिकताना दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली, त्यात बोटाने आकडे काढायचे आणि सुरात म्हणायचे. गुरू जवळ नव्हता. त्याने विचारले, विसरलात तर दुरुस्त कोण करील? मुलांच्या उत्तराचा अर्थ असा होता की, चौघांनाही एकाच वेळी एकच गोष्ट अडणे शक्य नाही. या उत्तरावर शिक्षणशास्त्राचा एक ग्रंथ लिहिता येईल. पुढे मद्रासच्या अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांतील, मुलांनी मुलांना शिकवण्याची ही रीत पाहून आपल्याकडे लागू केली आणि १७९७ साली लंडनला पुस्तक छापले. इंग्लंडात ती 'मद्रास पद्धती' म्हणून गाजली. धर्मपालजींनी 'द ब्यूटिफुल ट्री' या १९८३ सालच्या ग्रंथात हा सारा पुरावा मांडला आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तो मुळातून वाचावा. तिकडे शेकडो मुले एका हॉलमध्ये बसवून त्या पद्धतीची कवायत करून टाकली गेली, हेही नमूद केले पाहिजे. स्वस्तात शाळा चालवण्याचे साधन म्हणून तिचा उपयोग झाला. चार मुलांची ओवरी आणि चारशे मुलांचा हॉल या वेगळ्या गोष्टी आहेत.

पश्चिमेचा शिक्का लागल्याशिवाय ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी तोही देतो. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांना १९९०च्या सुमारास आढळले की, त्यांचे विद्यार्थी कठीण गणिते सोडवतात पण बलाविषयीच्या साध्या प्रश्नांत चुकतात. मग त्यांनी वर्गात प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने उत्तर ठरवायचे, आणि मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे, असा क्रम सुरू केला. परिणाम चांगले आले आणि आज जगभरातील विद्यापीठांत ती पद्धत वापरतात.

आता पालकांच्या मनातील प्रश्न. तो सभेत कोणी विचारत नाही, घरी विचारतात. "आमच्या मुलाने आपल्या नोट्स दुसऱ्याला का द्याव्यात? तो तर स्पर्धक आहे." मी याचे उत्तर आधी हिशेबाने देतो, संस्कारांचे नंतर पाहू. २०२५ साली नीटला देशभरात २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. आपल्या गल्लीतील चार मुले त्या २२ लाखांत किती? त्यांना मागे ठेवून आपल्या मुलाचा क्रमांक किती सरकणार? आणि त्यांच्याशी बोलून त्याला तीन प्रश्न अधिक सुटले तर बारा गुण वाढले, त्याने क्रमांक हजारोंनी सरकतो. वही लपवणारा मुलगा धंद्याच्या हिशेबानेही तोट्यात आहे.

संस्कारांचे पाहायचे तर धुळ्याच्या तुरुंगाची आठवण पुरेशी आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबांनी तेथे सहबंदींपुढे गीतेवर प्रवचने केली. आज ती आपल्या घरोघरी आहेत, कारण साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गुरुजींनी आपली वही स्वतःच्या अभ्यासापुरती ठेवली असती तर?

दुसरी शंका मला अधिक गंभीर वाटते, आणि ती खरी आहे. चार मुले एकत्र बसली की अभ्यासापेक्षा गप्पा होतात. आणि एकाचे चुकीचे समजणे चौघांत पसरते. दोन्ही घडते. म्हणून बैठकीला वेळ ठरलेली हवी, प्रश्न आधी ठरलेले हवेत, आणि आठवड्यातून एकदा जाणत्या माणसाने येऊन बसले पाहिजे. आपल्याकडे अशी माणसे आहेत. भुसावळला रेल्वे आहे, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, वरणगावला आयुधनिर्माणी आहे. जळगाव-धुळ्यात महाविद्यालयांतून निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत. ज्या अभियंत्याने आयुष्यभर जनित्रे आणि रोहित्रे हाताळली, त्याला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा पाठ समजावण्यास काय अवघड? मात्र त्याला माझी हात जोडून विनंती राहील, की त्याने व्याख्यान देऊ नये. काकांनी कोपऱ्यात बसावे, मुलांचे बोलणे ऐकावे, आणि चूक पक्की होऊ लागली तरच तोंड उघडावे. हे फार कठीण आहे, मला कल्पना आहे.

शाखेत वाढलेल्या कार्यकर्त्याला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. गटनायक हा काही पंडित नसतो. आठवीतला स्वयंसेवक सहावीतल्या पाच जणांना घरून बोलावून आणतो, खेळ समजावतो, चुकला तर पुन्हा दाखवतो. तेच येथे करायचे आहे. बारावी पार केलेल्याने बारावीच्या मुलांकडे लक्ष द्यावे, बारावीच्याने अकरावीत नुकत्याच आलेल्याला तो 'मोमेंटम' म्हणजे तुझाच 'संवेग' आहे हे सांगावे.

आणि मदत एकाच दिशेने वाहते असे कोणी समजू नये. केशाकर्षणाचा पाठ घ्या. नळी जितकी बारीक तितके पाणी वर चढते, हे शहरातल्या मुलाला सूत्राने ठाऊक असते. शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते की एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी. का? कोळप्याने वरचा थर मोकळा झाला की मातीतल्या त्या बारीक नळ्या तुटतात, खालची ओल पृष्ठभागापर्यंत चढून उडून जात नाही, आणि भेगाही बुजतात. सूत्र एकाकडे, कोळपे दुसऱ्याकडे. दोघे एकत्र बसले नाहीत तर पहिल्याला ते फक्त परीक्षेपुरते कळेल, आणि दुसऱ्याला आपल्याला भौतिकशास्त्र येते हे कधीच कळणार नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेळेचा आहे. संध्याकाळची शेवटची एस.टी. गाठायची असल्याने बाहेरगावची मुलगी सहाध्यायांबरोबर बसूच शकत नाही. क्लास सुटला की ती थांब्याकडे धावते. तिच्यासाठी बैठक दुपारी हवी, आणि ती एखाद्या घरी हवी, जेथे घरातली काकू किंवा ताई हजर आहे. रविवार दुपार सर्वांना सोयीची. घराची बैठकीची खोली दोन तास द्यावी लागेल. एक फळा, खडू, उन्हाळ्यात पाण्याचा माठ, आणि मोबाइल ठेवायला दाराशी एक टोपली. माठातले पाणी गार का होते आणि पावसाळ्यात तितके गार का होत नाही, हा प्रश्न त्या खोलीत आयताच तयार आहे.

पैसा कोणी मागत नाही. ज्यांना खोली देणे शक्य आहे त्यांनी सभा संपल्यावर आपल्या भागातील कार्यकर्त्याकडे नाव द्यावे. ज्यांच्या हाती शाळेच्या किल्ल्या आहेत त्यांनी प्रयोगशाळा महिन्यातून एक रविवार उघडण्याचा विचार करावा, कारण प्रात्यक्षिकाचे ३० गुण असूनही व्हर्निअर कॅलिपर हातात धरून नीट वाचता न येणारी मुले बारावीपर्यंत पोहोचतात. पाच जणांहून मोठा गट करू नये. पहिल्या रविवारी पहिलाच पाठ घ्यावा, आणि फळ्यापाशी आधी ज्याला सर्वांत कमी येते त्याला उभे करावे. बाकीच्यांनी त्याला विचारायचे नाही, त्याने बाकीच्यांना विचारायचे.